रडण्याचा आवाज

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे, ऑटिस्टिक म्हणजे स्वमग्न आहे. गेल्या महिन्यात माझी आई गेली. फोन ठेवून मी रडायला लागले, तर हा आधी मोठमोठ्यानं हसला, मग दोन्ही हातांनी माझं तोंड दाबलं आणि कपाटात जाऊन बसला. तोच परवा पेन्सिलीचं टोक तुटलं म्हणून तासभर रडला. नातेवाईक म्हणतात, याला मायाच नाही. ताई, त्याला खरंच काही वाटत नाही का?

उत्तर : वाटतं. इतकं वाटतं की त्याच्या अंगात मावत नाही.

माझी मुलगीही ऑटिस्टिक, आता २४ वर्षांची आहे. लहानपणी मी रडले की ती मला चिमटे काढायची आणि मी तिच्यावर ओरडायचे. ते आठवलं की आजही पोटात तुटतं. सोळाव्या वर्षी तिनं टाइप करून सांगितलं, 'तू रडलीस की तो आवाज माझ्या दातांत जायचा. तो बंद करायचा होता.'

तुमच्या मुलानंही आवाजच बंद करायला पाहिला असावा. कपाटात अंधार, शांतता, पाठीला टेकू. आणि हसू दरवेळी आनंदाचं नसतं. ताण टोकाला गेला की काही मुलांना हसू फुटतं. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन केलं, त्यातही आवाजाला घाबरणारी मुलं आहेत. तरी अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ऑटिझमच्या निकषांमध्ये आवाज, स्पर्श, उजेड अशा संवेदना सोसत नसण्याची ही बाब यायला २०१३ उजाडलं. नातेवाईकांना माहीत नसेल, हे मी समजू शकते. पण 'माया नाही' हे वाक्य त्याच्यासमोर पुन्हा कुणाला बोलू देऊ नका. उत्तर दिलं नाही तरी तो ऐकत असतो.

पेन्सिलीचं रडणं हट्टाचं वाटत नाही. हट्ट करणारं मूल हवं ते मिळालं की बहुतेकदा थांबतं. नवी पेन्सिल दिल्यावर तो थांबला का, आठवून पाहा. महिनाभर घरात माणसांची ये-जा, जेवणाझोपेच्या वेळा चुकलेल्या, आईचा आवाज बदललेला. टोक फक्त शेवटी तुटलं. अशा वेळी 'काय झालं?' असं विचारत राहू नका. दिवा मंद करा, जवळ बसा. घट्ट मिठी त्याला आवडत असेल तरच मारा. कपाटातून ओढून तर कधीच काढू नका.

आजीबद्दल मात्र त्याला सांगायलाच हवं. 'झोपली', 'देवाघरी गेली' असं नको. अशी मुलं शब्द जसाच्या तसा घेतात आणि मग झोपेचीच धास्ती घेऊ शकतात. 'आजी मेली. तिचं शरीर बंद पडलं. ती परत येणार नाही. मला तिची आठवण येते म्हणून मी रडते. तुझी काही चूक नाही.' हे म्हणताना तुमचीच जीभ अडखळेल. मग लिहून दाखवा, चित्र काढा.

आणि तुम्ही रडणं गिळू नका. आई गेलीय तुमची. शक्य असेल तेव्हा त्याला आधी सांगा, 'मी आता थोडा वेळ रडणार आहे', आणि आवाज अडवणारे हेडफोन त्याच्या हाताशी ठेवा. माझी मुलगी हल्ली ते चढवते आणि माझ्या शेजारी येऊन बसते.