पिंजऱ्यात पाळलेल्या झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्याचा नर आपली मादी सोडून बंगाली फिंचच्या मादीपुढे नाचतो. मादी बदलावी का?

नका बदलू. मादीचा काही दोष नाही. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल. पण "तीन महिने झाले, आमची मादीच थंड वाटते" हे तुमचं वाक्य वाचलं आणि मला गप्प बसवेना.

२००४ साली नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात, मागच्या गॅलरीत, माझ्या धाकट्या दिरांनी सहा फुटी जाळीचा पिंजरा केला होता. झेब्राच्या दोन जोड्या, बंगालीच्या दोन. हौस भाऊजींची, राळ्याची टरफलं फुंकणं, पाणी बदलणं, खालचे कागद काढणं माझ्याकडे. एका झेब्रा जोडीने दोनदा पिल्लं घरट्याच्या मडक्याबाहेर टाकून दिली. मग भाऊजींनी तो सगळे करतात तोच उपाय केला: पुढच्या खेपेची अंडी उचलून बंगालींच्या मडक्यात सरकवली. बंगाली म्हणजे जन्माची दाई, कुणाचीही अंडी उबवते. चार पिल्लं निघाली, एक जगलं. नर. केशरी गाल, तांबूस कुशीवर पांढरे ठिपके, दिसायला शंभर टक्के झेब्रा.

वयात आला आणि तुमच्याकडे चाललंय तेच सुरू झालं. बंगाली मादी बसायची त्याच दांडीवर जायचा, पिसं फुलवायचा, डावीकडे एक उडी, उजवीकडे एक उडी, मध्येच दांडीला चोच घासायची, पुन्हा उडी, आणि तोंडाने अखंड गाणं. ती बाई राळे सोलत बसायची. फार झालं तर डोळे मिटून घ्यायची. आणि खालच्या दांडीवर याची रीतसर आणलेली झेब्रा मादी अंग आडवं करून शेपटी थरथरवत बसलेली असायची. शेपटीची ती थरथर म्हणजे मादीचं होकाराचं बोलावणं, याहून स्पष्ट ती काही करूच शकत नाही. हा तिच्यावरून उडी मारून पलीकडे जायचा.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, मादीतच खोट आहे." वर पैसे देऊन दुकानात बदलून आणली. दुसरीचंही तेच झालं. तिसरी परत करायला निघाले तेव्हा मी पिंजऱ्याचं दार धरून उभी राहिले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "त्याचं लक्ष दुसरीकडे आणि माहेरी धाडताय हिला." ती तिसरी राहिली.

मला संशय आला तो त्याच्या गाण्यावरून. झेब्राचं गाणं तुटक, खेळण्यातल्या पिपाणीसारखं. हा मात्र बंगालीसारखं हलकं, चुरचुरत, लांबवत गायचा. झेब्रामध्ये गातो फक्त नर, आणि साधारण २५ ते ९० दिवसांच्या वयात वाढवणाऱ्या बापाचं ऐकून शिकतो. शेजारच्या दांडीवर दोन झेब्रा नर दिवसभर गात होते, तरी याने उचललं ते घास भरवणाऱ्याचंच. बायकोही तशीच हवी होती, इतकंच.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. क्लाउस इमेलमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात नेमकं हेच करून पाहिलं होतं. बंगालींनी वाढवलेले झेब्रा नर मोठेपणी बंगाली माद्यांमागे लागत. त्यांना काही महिने फक्त झेब्रा माद्यांबरोबर ठेवलं, त्यांच्यापासून पिल्लंही झाली. पुन्हा दोघी समोर ठेवल्या, तर स्वारी परत बंगालीकडे. हे वाचलं तेव्हा भाऊजी घरात असते तर पान त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं असतं.

(बंगाली फिंचचा बंगालशी संबंध नाही, बरं का. जपानात दीड-दोनशे वर्षांहून जास्त काळ माणसाळवलेली ती पांढऱ्या पाठीची मनोली. रानातली मनोली आपल्या सह्याद्रीतही दिसते, पण ती पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. दुकानदार गोड बोलून देऊ लागला तरी घेऊ नका.)

तेव्हा, तुम्ही काय करायचं? बंगाली वेगळ्या खोलीत न्या, नजरेआड आणि कानाआडही. जोडी वेगळी ठेवली तर मडक्यात काथ्या नेऊ लागेल, अंडीही होतील कदाचित. आमच्या तिसरीला झाली. मात्र बंगाली परत आणल्या की तो पुन्हा तिकडे वळेल, तेव्हा रागावू नका. आणि दाईचा धंदा बंद करा. आईबाप पिल्लं टाकतात तेव्हा मडकं उघड्यावर आहे का, सारखं कुणी डोकावतं का, हे आधी बघावं. आमचं मडकं गॅलरीच्या दाराला लागून होतं आणि भाऊजी दर तासाला बोट घालायचे.

एक राहिलं. तुमचा नर बंगालींनीच वाढवलाय असं मी इथे बसून छातीठोक सांगू शकत नाही. आधी एकटाच बंगालींबरोबर राहिला असेल, किंवा नुसताच उतावळा असेल. असे नर कुणापुढेही नाचतात. फुगून बसत असेल, श्वासागणिक शेपटी वरखाली होत असेल, तर ते नाचणं नव्हे, आजारपण आहे, पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. आणि ज्यांच्याकडून आणलात त्यांना विचारा, अंडी कुणाच्या मडक्यात फुटली म्हणून. आमच्या घरात ते ठाऊक असलेला माणूस रोज समोर जेवायला बसत होता, तरी दोन माद्या परत गेल्या.