ब्रशलेस मोटर जोडली, पण आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी उलटी पळते. काय चुकलं?

फार काही नाही, मोटर शाबूत आहे. तिच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन आपसांत बदला, चाकं सरळ फिरतील. मात्र मोटरला सेन्सरची वेगळी वायर असेल तर हा उपाय नको. तिथे मोटरवरच्या आणि ईएससीवरच्या (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ए, बी, सी या खुणा जुळल्याच पाहिजेत. दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदलायची, तशी सोय असेल तर. रिमोटवरचं थ्रॉटल रिव्हर्सचं बटण दाबून वेळ मारून नेऊ नका. मग ईएससी पुढे जाण्यालाच रिव्हर्स समजतो आणि गाडी रडतखडत चालते.

अदलाबदल फक्त मोटरकडच्या तारांची, हं! बॅटरीकडची लाल-काळी उलटली तर ईएससी क्षणात जातो. मी घालवलाय एक, बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर. धूर बघून आई जिना चढून धावत आली, ते वेगळंच.

जुनी, दोन तारांची ब्रशवाली मोटर असेल तर त्या दोनच उलटवा. तिच्या टर्मिनलांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर नसेल तर डागून टाका, ब्रशच्या ठिणग्यांचा सिग्नलला होणारा त्रास कमी होतो. पहिली चाचणी चाकं जमिनीपासून वर उचलूनच घ्या.