एपी इंग्लिश लँग्वेज या (शाळेत असतानाच द्यायच्या, कॉलेजच्या पातळीच्या अमेरिकी) परीक्षेतल्या युक्तिवादाच्या निबंधात उदाहरणं देऊनही गुण का जातात?

कारण नुसत्या उदाहरणाला फारसे गुण नाहीत. त्यातून तुमचा मुद्दा कसा सिद्ध होतो, हे सांगण्याला आहेत. निबंध ६ गुणांचा: ठाम भूमिकेला १, पुरावा आणि स्पष्टीकरण मिळून ४, विचारांच्या खोलीला १ (हा क्वचितच मिळतो, त्याच्या मागे लागू नका). कायदा मोडणं कधी योग्य, असा विषय आला की अकरावीची मुलं अमेरिकी लेखक थोरोचं नाव टाकून पुढे सरकतात. त्याऐवजी असं लिहा: १८४६मध्ये कर न भरल्याबद्दल थोरो तुरुंगात गेला, शिक्षा पत्करली म्हणूनच तो करबुडवा न ठरता विरोधक ठरला. ४० मिनिटांत अशी दोन उदाहरणं पुरतात. मात्र याच परीक्षेतल्या उताऱ्याच्या विश्लेषणाच्या निबंधात पुरावा त्या उताऱ्यातलाच हवा.