आईला शुगर आहे आणि गाडी लागते. ऑपरेशननंतर उलटी होऊ नये म्हणून देतात ती इंजेक्शनं सुरक्षित आहेत का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ५८, ठाण्यात पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय आणि कसारा घाटात त्यांना दर वेळी उलटी होते. मी भूलतज्ज्ञ आहे. ही इंजेक्शनं घ्यावीत, असंच सांगेन. स्त्री असणं, धूम्रपान नसणं, गाडी लागणं आणि नंतर वेदनेसाठी ट्रॅमाडॉलसारखं औषध मिळणं, या चार गोष्टी जुळल्या की उलटीची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून एकाऐवजी वेगवेगळ्या गटांतली दोन-तीन औषधं कमी मात्रेत देतात.

ऑनडान्सेट्रॉन (इमेसेट) ४ मिलिग्रॅम, ऑपरेशन संपत आल्यावर, शिरेतून सावकाश. डोकं दुखतं, बद्धकोष्ठ होतं, एवढाच बहुतेकांना त्रास. हृदयाच्या ठोक्याची लय बिघडण्याची भीती खरी आहे, पण २०१२ साली अमेरिकेत बंद झाला तो केमोथेरपीतला ३२ मिलिग्रॅमचा एकदम दिलेला डोस. ईसीजीत क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार होईपर्यंतचा काळ) लांबलेला असेल, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असेल, किंवा एसिटॅलोप्रॅम (नैराश्यावरचं औषध), अझिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) चालू असेल, तर मात्र आधी सांगायलाच हवं. आईंच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून भूलपूर्व तपासणीला न्या. तोंडी यादीत हमखास काहीतरी राहतं.

शुगरसाठी लक्ष ठेवायचं ते डेक्सामेथासोनवर, म्हणजे उलटी रोखायला देतात त्या स्टेरॉइडवर. ते भूल दिल्यावर लगेच देतात, कारण जागेपणी भरकन टोचलं तर गुप्तांगाजवळ विचित्र आग होते. एका डोसनेही साखर दुसऱ्या दिवसापर्यंत चढू शकते. ४ मिलिग्रॅम पुरेल का, हे विचारा आणि त्या दिवशी दर काही तासांनी साखर तपासायला सांगा. साखर आधीच फार चढलेली असेल तर ते टाळून दुसरं औषध निवडता येतं.

मेटोक्लोप्रमाइड (पेरिनॉर्म) नेहमीच्या १० मिलिग्रॅमच्या मात्रेत या कामात फिकंच पडतं. शिवाय मान वाकडी होणं, जबडा आवळणं, कमालीची बेचैनी असं होऊ शकतं, विशेषतः तरुणांत. पार्किन्सन असेल तर नकोच.

एक गोष्ट वॉर्डात बऱ्याचदा चुकते. प्रतिबंधासाठी ऑनडान्सेट्रॉन देऊनही सहा तासांच्या आत उलटी झाली, तर तेच पुन्हा देऊन फारसा उपयोग होत नाही; दुसऱ्या गटातलं औषध लागतं. नर्सना तसं शांतपणे विचारा.

घरी आल्यावर उलट्या थांबत नसतील, पोट फुगलं किंवा दुखणं वाढलं, ताप किंवा कावीळ दिसली, तर मेडिकलमधून गोळी आणून वाट पाहू नका. पित्त गळत असू शकतं. त्याच दिवशी सर्जनना दाखवा.