कागदांचं निकालानंतर बघू नकोस

प्रिय मुली,

काल फोनवर म्हणालीस, "कागदांचं निकालानंतर बघू, घरातच आहेत सगळे." मी कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीत बावीस वर्षं बसले. "घरातच आहेत" म्हणणाऱ्या मुली शेवटच्या तारखेला रडवेल्या होऊन परत जाताना पाहिल्यात. बारावी आत्ताच सुरू झालीय, हातात वेळ आहे, म्हणून लिहिते.

आधी जात पडताळणीचं बघ. तू ओबीसीतली, त्यामुळे पडताळणी समितीला जातीचा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे तुझे आजोबा ज्या शाळेत शिकले, तिथल्या रजिस्टरमधला प्रवेश-निर्गम उतारा. शाळा गावाकडे, रजिस्टर जुनं, मुख्याध्यापक रजेवर. एका उताऱ्यासाठी तीन फेऱ्या होतात. निकालानंतर हे करायला निघालीस तर मेरिट असूनही जागा हातची जाईल. बाबांना या दिवाळीतच गावी पाठव. आजोबांचं नाव, आडनाव तिथे कसं लिहिलंय तेही त्यांनी तिथेच वाचून घ्यावं. एका वेलांटीवरून अर्ज अडकतात.

नॉन क्रिमीलेयरच्या दाखल्यावरची तारीख आजच बघ. त्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश असतात जून-जुलैत. मुदत सरत असेल तर एप्रिल लागताच सेतू केंद्रात अर्ज टाक. उत्पन्नाच्या दाखल्याचंही तसंच.

शाळा सोडल्याचा दाखला कॉलेज मूळ ठेवून घेतं. द्यायच्या आधी पाच-सहा झेरॉक्स काढ, स्कॅन करून स्वतःला मेल कर. मूळ कागद लॅमिनेट मात्र करू नकोस. पुढे कुणाला त्यावर शिक्का मारायचा असला तर मारता येत नाही. डिजिलॉकरमध्ये गुणपत्रिका उतरवून ठेव, पण त्या भरवशावर मूळ प्रत कपाटात कुठेतरी सरकवू नकोस.

फाइल एकच ठेव, प्लॅस्टिकच्या कप्प्यांची. पहिल्या पानावर यादी, प्रत्येक कागदापुढे मुदतीची तारीख. मूळ प्रत कुणाला दिलीस तर त्याच कप्प्यात चिठ्ठी घाल: कुणाला, कधी. माझ्या खिडकीत अशी फाइल घेऊन येणाऱ्या मुलींचं काम पाच मिनिटांत व्हायचं, आणि मला फार बरं वाटायचं.

वह्यांचं सांगायला नको, तुझ्या नीटच असतात. फक्त प्रत्येक तासाला वर तारीख घालत जा.

रविवारी ये. येताना घरातली ती कागदांची पिशवी आहे तशी उचलून आण, निवडू नकोस. आपण दोघी बसून लावू.

तुझी,
मावशी