सिस्टरला विचारा : कपाटाची किल्ली कोणाकडे?

या महिन्यात तीन पत्रं एकाच विषयावरची, नर्सला लागलेल्या औषधांच्या व्यसनाची, आली, म्हणून बाकीची सगळी, म्हणजे बदलीची, बाळंतपणाच्या रजेची आणि ते एएनएम-जीएनएम ह्या दोन कोर्सच्या नर्सचं नेहमीचं भांडण, पुढच्या अंकात घेते. गावं नि ओळखीच्या खुणा मी काढून टाकल्या आहेत, ही कोण असंल म्हणून डोकं चालवत बसू नका न.

पत्र पहिलं

मॅडम नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे, सर्व्हिस ११ वर्षं. दोन वर्षांआधी किडनी स्टोनचं दुखणं उठलं तेव्हा ड्युटीवरच डॉक्टरांनी फोर्टविन-फेनरगन, ते दुखणं थांबवायचं इंजेक्शन, लावलं. दुखणं तर गेलंच पण घरचं टेन्शन, सोयाबीन गेलं त्याचं कर्ज, सासूबाईंची कटकट, सगळं असं दूर कुठंतरी गेल्यासारखं झालं. मग नाईटला डोकं दुखलं की एक, मग नाही दुखलं तरी एक. आता रोज तीन-चार लागतात, मांडीत गाठी झाल्या आहेत. पेशंटसाठी काढलेल्यातून घेते, कधी अर्धं त्यांना नि अर्धं मला. हे लिहिताना हात थरथरून राहिला. मागच्या हप्त्यात इन्चार्ज सिस्टरने रिकाम्या अँपुल, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या, मोजल्या. माझं रजिस्ट्रेशन जाईल का? जेल होते का? सुट्टी टाकून घरीच एकदम बंद केलं तर कोणाला कळणार नाही असं वाटते, करू का?
— एक सिस्टर

पोरी, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तू तो उद्याच करून बसशील. घरी दार लावून एकदम बंद करू नको. अंग मोडून येते, नाक-डोळे वाहतात, जुलाब लागतात, रात्र रात्र झोप नाही, आणि तिसऱ्या दिवशी माणूस परत औषधाच्या कपाटाकडे जातो. तेव्हा जुनाच डोस घेतला तर तो जास्त धोक्याचा, कारण मधल्या दिवसांत शरीराची सवय कमी झालेली असते. त्यात तू झोपेसाठी अल्प्राझोलाम घेत असशील, आणि बहुतेक घेत असशील, नाईटवाल्या अर्ध्या सिस्टर घेतात, तर ती अचानक तोडली की फिट येऊ शकते. म्हणून डॉक्टरला सगळं सांगायचं, लाज वाटते ती गोळी तर पहिले सांगायची.

जायचं कुठं? मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत. यवतमाळला ओळखीचे निघतील म्हणून नको वाटत असंल तर सेवाग्राम आहे, नागपूर आहे, एसटी कुठंही नेते. आधी फोनवर बोलायचं असंल तर मानसिक आरोग्याची हेल्पलाईन टेलिमानस १४४१६, नाहीतर व्यसनमुक्तीची हेल्पलाईन १४४४६, दोन्ही फुकट. तिथे बहुतेक जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुचवतील, त्याने तलफ नि अंगदुखी दोन्ही आटोक्यात येतात. नाल्ट्रेक्सोन नावाची दुसरी गोळी असते, पण ती शरीरातून हे औषध पूर्ण निघाल्यावरच, कोणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणून आधीच घेतलीस तर भयंकर त्रास होईल. गाठी सर्जनला दाखव. पेंटाझोसिन, म्हणजे तुझं ते फोर्टविन, वारंवार टोचलं की स्नायू लाकडासारखा कडक होतो नि जखमा लवकर भरत नाहीत, हे तुला माहीत आहे, तरी तू दाखवलं नसशील कारण साडी वर करावी लागेल. सुई कोणासोबत वापरली असशील तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी नि सी पण तपासून घे.

आणि आज, उद्या नाही, आज, इन्चार्जला सांग की नार्कोटिकच्या, म्हणजे नशेच्या औषधांच्या, कपाटाची किल्ली मला नको. कारण काय सांगू म्हणशील, तब्येत बरी नाही म्हण, खोटं थोडीच आहे. लसीकरणात टाका म्हण, ओपीडीत टाका म्हण, मग मेडिकल रजा. मनाच्या आजाराचे कागद गुप्त राहायचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला आहे, आणि त्या कायद्यात दारू नि ड्रग्जमुळे होणारे आजार पण धरलेले आहेत. तुझ्या ऑफिसने नुसतं विचारलं म्हणून हॉस्पिटल तुझी फाईल देत नाही.

आता ते अर्ध्या इंजेक्शनचं. ह्यावर मी गोड बोलणार नाही. सिझरची बाई रात्री दोनला कण्हत पडली आहे, रजिस्टरमध्ये डोस दिला म्हणून लिहिलं आहे, सकाळी डॉक्टर म्हणतात एवढं देऊनही दुखते म्हणजे बाईच नाजूक आहे, नि ती बाई बिचारी मान हलवते. तिला माहीतच नाही की तिला मिळालंच नाही. तुझा आजार हा आजार आहे, त्याचा हिशोब वेगळा. तिचं दुखणं हा दुसरा हिशोब. एक दाखवून दुसरा मिटवता येत नाही, आणि तुझी तब्येत सुधरेल तेव्हा हा दुसरा हिशोब तुला जास्त छळेल, त्याची तयारी ठेव.

मी हे उंचावर बसून नाही बोलत. माझ्या वॉर्डात एक सिस्टर होती, मे महिन्यात, ४६ डिग्रीत, फुल बाह्यांचा स्वेटर घालून नाईटला यायची. थंडी वाजते म्हणायची. अँपुल फुटली-सांडली म्हणून ती लिहायची नि साक्षीदाराच्या रकान्यात सही माझी, मी कधी फुटलेली काच पाहिली नाही. पाहायची इच्छाच नव्हती खरं तर. पुढे ती पकडली गेली, वरच्यांनी बदनामी नको म्हणून राजीनामा घेतला, दोन महिन्यांनी ती दुसऱ्या गावी खासगीत लागली, तिथं पण कपाट होतंच. कोणी तिला दवाखान्यात नेलं नाही, मी पण नाही. आम्ही सगळ्या नर्स होतो म्हणे.

तर कायदा. तुझ्यासारख्या सरकारी बाईच्या मागे दोन वेगळी चाकं फिरतात, लोक त्यांची गल्लत करतात. एक ऑफिस, म्हणजे निलंबन, विभागीय चौकशी, ती चालू असताना साधारण निम्म्या पगाराच्या आसपास निर्वाह भत्ता. दुसरं मुंबईचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, १९६६ च्या कायद्यावर चालणारं. त्यांच्याकडे तक्रार गेली तर नोटीस येते, आपलं म्हणणं मांडता येते, मग नाव रजिस्टरवर ठेवायचं की काढायचं ते ठरते. नोकरी गेली म्हणजे रजिस्ट्रेशन आपोआप गेलं असं नाही, आणि नोकरी वाचली म्हणजे रजिस्ट्रेशन वाचलं असंही नाही.

जेलचं म्हणशील तर पेंटाझोसिन एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या यादीत आहे. त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला नि उपचार पूर्ण केले तर स्वतःच्या सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकते. पण दवाखान्याच्या स्टॉकमधून घेतलं हा वेगळा गुन्हा, त्याला हे कलम पुरत नाही. म्हणून काहीही लेखी देण्याआधी वकील गाठ, युनियनच्या ताईंना विचार, आणि रजिस्टरमध्ये मागच्या तारखेचं एक अक्षरही दुरुस्त करू नको, एकही नाही. रजिस्ट्रेशन वाचेलच असं मी लिहून देऊ शकत नाही. पण पकडल्यावर आजारी पडलेली नि स्वतःहून दवाखान्यात गेलेली, हा फरक ओपीडीच्या कागदावरच्या तारखेत दिसतो, आणि ती तारीख अजून तुझ्या हातात आहे.

पत्र दुसरं

आमच्या खासगी हॉस्पिटलात एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आहे, माझा मित्रच. आयसीयूत स्वतःहून डबल ड्युटी मागतो, बाथरूममध्ये अर्धा अर्धा तास, नि त्याच्याच शिफ्टला ट्रामाडोल हे दुखण्यावरचं औषध जास्त लागते. सांगू का कोणाला? मित्र आहे म्हणून पाय मागे ओढतात.
— नाव नको, अमरावती जिल्हा

सांगा. पण मेसच्या टेबलावर नाही आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर बिलकुल नाही. तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलं ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवा, “मला वाटते” हे शब्द गाळून, नि नर्सिंग सुपरिंटेंडंटला एकट्यात द्या. एक लक्षात असू द्या, साध्या लघवीच्या पट्टीवर ट्रामाडोल दिसत नाही, त्याची वेगळी टेस्ट लागते, त्यामुळे “टेस्ट केली, काही निघालं नाही” ह्यावर लगेच समाधान मानू नका. आणि ज्या दिवशी त्याला बोलावून विचारतील त्या रात्री त्याला रूमवर एकटा सोडू नका. पकडल्या गेल्याची पहिली रात्र फार वाईट असते, माणसं जिवाचं बरंवाईट करतात. मित्र आहात न, मग तुमचं काम त्या रात्री आहे.

पत्र तिसरं

ताई, माझी मुलगी नर्स आहे, अमेरिकेत फ्लोरिडाला असते. तिकडे तिने पाठदुखीच्या गोळ्या जास्त घेतल्या म्हणून काहीतरी प्रकरण झालं. आता म्हणते आई मी प्रोग्रॅममध्ये आहे, पाच वर्षं. रोज सकाळी मोबाईल पाहते, नंबर लागला तर लघवी द्यायला जाते. दिवाळीला मी अनारसे, चिवडा नि दशमूलारिष्टाची बाटली पाठवली, तिचं थंडीचं अंग दुखते म्हणून, तर तिने रडून सगळं फेकलं म्हणे. मले काही समजून नाही राहिलं. गावात काय सांगू? तिला जेल आहे का हे?
— एक आई, वरुड तालुका

ताई, जेल नाही, आणि हे वाचून तुम्ही आज नीट जेवा.

तिकडे प्रत्येक राज्याचं नर्सिंग बोर्ड असते, लायसन्स त्यांच्या हातात. आधी तिथेही आपल्यासारखंच होतं, सापडली की काढा. मग काही राज्यांनी दुसरी वाट काढली, फ्लोरिडाने तर १९८३ पासून, की नर्सने उपचार घ्यायचे, देखरेखीखाली राहायचं, आणि नियम पाळले तर प्रकरण शिक्षेकडे न जाता तिथेच राहते, नाव पण चारचौघांत येत नाही. नियम मोडले तर मात्र बोर्डाकडे, नि बोर्डाने केलेली शिक्षा कोणालाही कॉम्प्युटरवर पाहता येते. म्हणून ती इतकी घाबरून असते.

देखरेख साधारण तीन ते पाच वर्षं. रोज चेक-इन, ज्या दिवशी नंबर लागेल त्याच दिवशी सॅम्पल द्यायचं, पैसे बहुतेक स्वतःचेच. हप्त्याला ग्रुप मीटिंग. कामावर परत घेतलं तरी आधी काही महिने नार्कोटिक औषधांना हात लावायचा नाही, किल्ली दुसऱ्या नर्सकडे. पुष्कळदा नाईट नि ओव्हरटाईम पण बंद, नि वरची बाई तिच्या कामाचा रिपोर्ट पाठवते. कडक आहे, हो. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरी त्या चेक-इनच्या भीतीने पहाटे उठून बसतात, इतकं कडक असायलाच पाहिजे का ह्यावर तिकडेही भांडणं आहेत, मला तर पैसे तिच्याकडूनच घेतात हेच पटत नाही. पण आपल्याकडे माझ्या पूर्ण नोकरीत मला अशी वाट दिसली नाही. पहिलं पत्र वाचा, म्हणजे समजेल मी काय म्हणते.

आता तुमचं पार्सल. खसखस म्हणजे अफूच्या बोंडाचंच बी, ताई. खाल्ल्याने नशा नाही होत, पण त्याला मॉर्फिनचा अंश चिकटलेला असतो नि तो लघवीत उतरतो, मशीनला तुमचे अनारसे नि तिची गोळी ह्यातला फरक सहज समजत नाही. आपल्या सावजी रश्शाच्या वाटणातही तीच खसखस, तोही तिला बंद. दशमूलारिष्टात आंबवल्यामुळे आपोआप दारू तयार होते, सगळ्याच आसव-अरिष्टांत होते, होमिओपॅथीच्या थेंबांत पण असते, आणि तिकडची टेस्ट दारूचा मागमूस दोन-तीन दिवसांनंतरही पकडते. ती तर माऊथवॉशही पाहून घेत असेल. तिने तुमचा जीव नाही फेकला, लायसन्स वाचवलं.

व्हिसाचं तुम्ही विचारलं नाही पण मनात असेलच, ते तिने तिकडच्या इमिग्रेशन वकिलाला विचारावं, कोर्टात गुन्हा सिद्ध होणं नि उपचाराच्या प्रोग्रॅममध्ये असणं ह्यात फरक असतो. गावात काय सांगू म्हणता, तर पाठीचा इलाज चालू आहे म्हणा. वरुडात संत्र्याच्या भावापुढे कोण जास्त विचारते हो.

तिला फोनवर “कधी संपते ग हे” असं विचारू नका, “आज नंबर लागला का” असं विचारा, हे तिला सोपं जाईल. आणि अनारसे परत पाठवा. खसखशीऐवजी पांढरा तीळ लावून तळा, पण तीळ लवकर लाल होतो, आच अगदी मंद ठेवा, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा, खसखस नाही.