आधी तारीख मोजा, मग लिटर

प्रश्न : मी नाशिकची, वय 43. तेवीस महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका दवाखान्यात पोट, कंबर, पाठीचं लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) आणि त्याच वेळी टमी टक (पोटाची सैल कातडी कापून ताणून शिवणं) करून घेतलं. खर्च 3 लाख 40 हजार. साडेसहा लिटर काढले म्हणाले आणि संध्याकाळी घरी सोडलं. आठव्या दिवशी बेंबीखालची कातडी काळी पडली, दोनदा कापून साफ करावी लागली. डॉक्टर 'फुकट दुरुस्त करून देतो' म्हणत राहिले, आता फोन उचलत नाहीत. एका वेळी इतकी चरबी काढणं कायद्यात बसतं का?

उत्तर : किती लिटर चालतात, असं विचारणारी पत्रं बरीच येतात. आपल्याकडे कुठल्याही कलमात तो आकडा नाही. तुमचं प्रकरण मात्र लिटरवर नाही, तारखेवर टिकणार किंवा बुडणार आहे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69 : तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल झाली पाहिजे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत पोटात गॉझ (जाळीदार कापडी पट्टी) राहिल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितलं, की नुकसान उघड असेल तर मुदत तेव्हापासून आणि लपलेलं असेल तर ते कळल्यापासून. त्या बाईंचा गॉझ नऊ वर्षांनी निघाला, तरी इतकी वर्षं त्रास होत असताना चौकशी केली नाही म्हणून तक्रार टिकली नाही. तुमची कातडी तर आठव्या दिवशी डोळ्यांदेखत काळी पडली. म्हणून शस्त्रक्रियेचीच तारीख धरा. तुमच्या हातात जेमतेम महिना आहे.

फुकट दुरुस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपांनी मुदत थांबत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. तेवीस महिने त्या आशेवर का घालवलेत? उशीर माफ करायची सोय कलमात आहे, पण आयोगाला कारण पटलं तरच. त्या भरवशावर एक दिवसही काढू नका.

आजच दवाखान्याला संपूर्ण केसपेपरसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार 72 तासांत कागद मिळायला हवेत. आंतररुग्णांचे (दाखल करून घेतलेल्यांचे) कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपण्याचं बंधन आहे. ते आले नाहीत तरी तक्रार अडवून ठेवू नका, आयोगामार्फत मागवता येतात.

कागद आले की पहिला प्रश्न : साडेसहा लिटर कशाचे? बाटलीत जमतं त्यात चरबीबरोबर आधी टोचलेलं सलाईन आणि रक्तही असतं. किती टोचलं, किती निघालं, वर तरंगलेली निव्वळ चरबी किती, शिरेतून सलाईन किती, लघवी किती, हे ऑपरेशन नोटमध्ये आणि भुलेच्या कागदावर हवं. अमेरिकन सोसायटी ऑफ प्लास्टिक सर्जन्स एकूण 5 लिटरच्या पुढे मोठ्या प्रमाणातलं लायपोसक्शन मानते आणि त्यानंतर रात्रभर देखरेख सांगते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या नियमात, डॉक्टरच्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये टमी टक जोडलं असेल तर निव्वळ चरबी 1 लिटरपेक्षा जास्त काढता येत नाही. हे आपल्यावर बंधनकारक नाही, पण तज्ज्ञाच्या मतात मोजपट्टी म्हणून येऊ शकतं.

एवढी बंधनं का, तेही समजून घ्या. टमी टकमध्ये पोटाची कातडी वरपर्यंत सोडवली जाते, मधल्या रक्तवाहिन्या तुटतात आणि ती बाजूंनी येणाऱ्या रक्तावर जगते. त्याच कातडीखाली नळी फिरवली आणि ती ताणून शिवली, तर रक्तापासून सर्वांत लांबचा भाग, म्हणजे बेंबीखालचा मधला, आधी मरतो. तुमचं नेमकं तिथेच झालं आहे. कातडी किती ग्रॅम काढली यापेक्षा टाक्यांवर ताण किती होता, हे इथे महत्त्वाचं.

तरीही परिणाम वाईट म्हणजे हलगर्जीपणा, असं न्यायालय मानत नाही. तंबाखू, सिगारेट किंवा मधुमेह असेल आणि तो सांगितला नसेल, तर डॉक्टरांची बाजू भक्कम होते. स्वतंत्र प्लास्टिक सर्जनचं लेखी मत घ्या. संमतिपत्र तुम्ही वाचून सही केलं नसणार, बहुतेक जण करत नाहीत. त्यात कातडी मरण्याचा धोका लिहिला होता का, ते बघा. धोके आणि पर्याय सांगूनच संमती घ्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केलं आहे.

पुण्याला जायची गरज नाही. तक्रारदार राहतो तिथल्या, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो, प्रत्यक्षात वर्षं जातात. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडेही जाऊ शकता, पण तिथे भरपाई मिळत नाही आणि तिथल्या तक्रारीने ही मुदत थांबत नाही.

जखमेचे फोटो आणि निरोप मूळ फोनमध्येच राहू द्या. फोन विकू नका, रीसेट करू नका. आयोगात ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं) प्रमाणपत्र सोबत जोडा.